एका शाईत आंब्याच्या छटा: इंकस्केपमधील हाफटोन ठिपके

रत्नागिरीत हंगामाच्या तोंडावर हापूसच्या पेटीसाठी चित्र मागणाऱ्या बागायतदाराला छपाई बहुधा एकाच रंगात हवी असते, कारण प्रत्येक जादा रंगामागे एक स्क्रीन (शाई झिरपवणारी छपाईची जाळी) आणि एक हात (छपाईची फेरी) वाढतो. एका शाईत गडद-फिकट असे काही नसते. ती लागते किंवा लागत नाही. त्यामुळे देठाकडची लाली आणि फळावरची चकाकी ठिपके लहानमोठे करूनच दाखवावी लागते. यालाच हाफटोन म्हणतात. इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे काम 'टाइल्ड क्लोन्स'ने, म्हणजे एकाच आकाराच्या ओळी-स्तंभांत मांडलेल्या प्रतींनी होते.

आधी चित्र करड्या छटांत आणून 45 अंशांत फिरवावे, कारण ठिपक्यांच्या आडव्या-उभ्या रांगा डोळ्यांना खटकतात, तिरक्या खटकत नाहीत. चित्रामागे त्याहून मोठा पांढरा चौकोन ठेवावा. पानाचा कोरा भाग पांढरा धरला जाईल यावर विसंबू नये. मग चौकोनाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर काळे, बिनकडेचे वर्तुळ काढावे.

वर्तुळाचा आकार ठरवण्यात खरी मेख आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यावर इंचाला 20 ठिपके पुरेसे होतात, म्हणजे दोन ठिपक्यांच्या केंद्रांतील अंतर 1.27 मिमी येते. वर्तुळ तेवढ्याच व्यासाचे घेतले, तर सर्वांत मोठे ठिपके एकमेकांना नुसते टेकतात, कोपऱ्यांत पांढऱ्या फटी राहतात आणि शाई फार तर 78.5 टक्के जागा व्यापते. आंब्याची सावली मग कधीच भरीव दिसत नाही. म्हणून व्यास 1.41 पट, सुमारे 1.8 मिमी घ्यावा. वर्तुळ निवडून 'एडिट', 'क्लोन', 'क्रिएट टाइल्ड क्लोन्स' असे जावे आणि 'शिफ्ट'मध्ये एक्सच्या प्रत्येक स्तंभाला व वायच्या प्रत्येक ओळीला उणे 29.3 टक्के द्यावे.

'ट्रेस'मध्ये चित्रावरून मूल्य घेण्याचा पर्याय चालू करून 'कलर' निवडावा आणि परिणाम फक्त 'साइझ'वर ठेवावा. गडद जागी ठिपके बारीक आले, तर 'इन्व्हर्ट'वर खूण करावी. शेवटी ओळी-स्तंभ मोजत न बसता रुंदी-उंची भरावी. दहा सेंटिमीटरच्या चौरस चित्राला, तिरके केल्यामुळे, 12,000 हून अधिक ठिपके लागतात. जुना संगणक तेवढा वेळ गप्प बसतो, त्याला हात लावू नये.

पुढे क्लोन 'अनलिंक' करून मूळ वर्तुळापासून सुटे करावे, मग मूळ वर्तुळ, चित्र आणि चौकोन काढून टाकावे, ठिपके 'युनियन'ने एकत्र करावे आणि सगळे उलट 45 अंशांत फिरवावे.

पुठ्ठा शाई पितो आणि ठिपका छपाईत फुगतो. इथे इंकस्केपची एक खोड उपयोगी पडते: ते क्षेत्रफळ नव्हे, व्यास छटेच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे 50 टक्के छटेला प्रत्यक्षात सुमारे 39 टक्केच जागा भरते. एकदा मी हा फिकटपणा चूक समजून चित्र मुद्दाम गडद केले, आणि पेटीवर आंब्याऐवजी कोकमाचा गोळा छापून आला. म्हणून सगळ्या पेट्या छापण्यापूर्वी, पेटी ज्या पुठ्ठ्याची आहे त्याच्याच तुकड्यावर एक हात मारून पाहावा.