घराचं काम चालू असताना रेडिएटर आणि हीटिंग कसं सांभाळायचं

इंग्लंडात जुनं टेरेस (ओळीतलं) किंवा सेमी (एका बाजूने जोडलेलं) घर घेऊन त्याचं काम काढलं की आधी किचन-बाथरूमचा विचार होतो, हीटिंगचा शेवटी. मग दिवाळीच्या सुमारास थंडी पडते आणि अर्धे रेडिएटर भिंतीवरून उतरलेले असतात. बॉयलरचं गरम पाणी रेडिएटरमधून फिरवणारी सगळी यंत्रणा रिकामी करून तीन महिने बंद ठेवायची गरज बहुतेक वेळा नसते. एकेक खोली तोडत, बाकीचं घर गरम ठेवत काम करता येतं.

आधी आपली यंत्रणा कुठल्या जातीची आहे ते पाहा. बॉयलरवर दाबाचा काटा असेल आणि माळ्यावर छोटी टाकी नसेल तर ती बंद (सील्ड) यंत्रणा. थंड असताना काटा १ ते १.५ बारच्या मध्ये हवा. माळ्यावर बादलीएवढ्या आकाराची, तरंगत्या गोळ्याची टाकी असेल तर ती जुनी उघडी पद्धत. पाणी सोडण्याआधी तो गोळा आडव्या काठीला बांधून ठेवा, नाहीतर तुम्ही खाली पाणी काढताय आणि टाकी वरून भरतेय असं तासन्‌तास चालेल.

रेडिएटर स्वतः काढायला हरकत नाही. बॉयलरचं झाकण आणि गॅसची पाइप मात्र गॅस सेफ रजिस्टरवर (गॅसचं काम करू शकणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंद असलेल्या माणसाचीच. बाहेर परांची (स्कॅफोल्डिंग) बांधून प्लास्टिकची चादर ओढली जात असेल तर बॉयलरचं धुराडं तिच्याआड जाऊ देऊ नका. कोंडलेला धूर कार्बन मोनॉक्साइड घेऊन आत येतो आणि त्याला वास नसतो. तसं झाकावंच लागणार असेल तर तेवढा काळ बॉयलर बंद. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला असू द्या.

एकाच वेळी फार रेडिएटर काढले की बॉयलरला पाणी फिरवायला जागा उरत नाही. तो तापतो, बंद पडतो, पुन्हा पेटतो. किमान एक रेडिएटर किंवा बाथरूममधली टॉवेल रेल पूर्ण उघडी ठेवा. थर्मोस्टॅट उघड्याबोडक्या, थंड खोलीत असेल तर बॉयलर दिवसभर धावेल आणि वरच्या बेडरूम भाजून निघतील. बिनतारी असेल तर राहत्या खोलीत हलवा.

आता एक रेडिएटर उतरवू. हीटिंग बंद करा आणि पाणी कोमट होऊ द्या. एका टोकाला आकडे लिहिलेलं डोकं असतं, तो थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. दुसऱ्या टोकाला साधी टोपी, तिच्याखाली लॉकशील्ड, म्हणजे या रेडिएटरला किती पाणी मिळायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह. टोपी काढून लॉकशील्ड पान्याने बंद करताना फेरे मोजा: दीड, पावणेदोन, जे असेल ते. मास्किंग टेपवर लिहून रेडिएटरच्या मागे चिकटवा आणि वर फोटोही काढा. हा आकडा हरवला की नंतर शेजारच्या खोल्या थंड का, हे शोधत बसावं लागतं.

थर्मोस्टॅटिक डोकं नुसतं शून्यावर किंवा बर्फाच्या खुणेवर फिरवून भागत नाही. गोठण्यापासून वाचवायला बर्फाच्या खुणेवरचा व्हॉल्व्ह साधारण ६-७ अंशांना आपोआप उघडतो. जानेवारीच्या रात्री खिडकी काढून ठेवलेल्या खोलीत तेवढी थंडी सहज पडते. रेडिएटर नसेल तर पाणी थेट जमिनीच्या फळ्यांवर. डोकं काढून व्हॉल्व्हवर आट्यांची टोपी घट्ट बसवा. तीही प्लास्टिकची असेल तर एकटीवर विसंबू नका, कारण पाणी कायमचं अडवायला ती बनवलेली नसते. म्हणून रेडिएटर उतरवल्यावर दोन्ही व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडांवर पाऊण इंची पितळी बंद टोप्या वायसरसह लावायच्या. बहुतेक १५ मिमी व्हॉल्व्हना हाच माप बसतो. किंमत किरकोळ, पण कामाच्या यादीत याच राहून जातात.

खाली कमी उंचीचा ट्रे, जुने टॉवेल आणि बादली ठेवा. स्वयंपाकघरातली परात नको, कारण आतलं पाणी शाईसारखं काळं असतं; तो लोखंडाचा गाळ आहे आणि गालिच्यावरून जात नाही. नट सोडण्याआधी एक चाचणी: चावीने वरचा हवेचा स्क्रू थोडा उघडा. दाब सुटून चिळकांडी लगेच थांबली तर दोन्ही व्हॉल्व्ह धरताहेत. पाणी येतच राहिलं तर एखादा बंद होत नाहीये. स्क्रू आवळा आणि यंत्रणा रिकामी करायच्या तयारीला लागा. चाचणी जमली की एका बाजूचा नट हळू ढिला करा. दुसऱ्या पान्याने व्हॉल्व्हचं अंग धरून ठेवा, नाहीतर खालची तांब्याची पाइप पिळवटते. ट्रेमध्ये थेंब पडू लागले की हवेचा स्क्रू पूर्ण उघडा. मग पाणी मोकळं येतं. ६०० बाय १२०० मिमीच्या दुहेरी रेडिएटरमध्ये सहा-सात लिटर तरी निघतं. उचलायला दोघं हवेत. तोंडं वर राहतील असा तिरका करून बाहेर न्या.

भिंतीकडे वळताना गवंड्याला विचारा, पृष्ठभाग किती पुढे येणार? प्लास्टरचा नुसता हात मारला तर दोन-तीन मिमी. पण ५० मिमी इन्सुलेशन चिकटवलेला साडेबारा मिमीचा प्लास्टरबोर्ड लागला की भिंत ६० मिमीहून पुढे सरकते आणि जमिनीतून वर आलेल्या पाइपा बोर्डात गडप होतात. पाइपा आधी सरकवायच्या, बोर्ड नंतर. ब्रॅकेट जिथे येणार तिथे बोर्डामागे १८ मिमी प्लायवूड पक्कं करून घ्या. भरलेला दुहेरी रेडिएटर पोकळ बोर्डावर लटकत नाही.

फळ्या उघड्या असताना नवीन पाइप टाकायची असेल तर तुळईला मन मानेल तशी खाच नको. खाचेची खोली तुळईच्या उंचीच्या आठव्या भागापेक्षा जास्त नको आणि जागा आधारापासून लांबीच्या ७ ते २५ टक्क्यांच्या पट्ट्यात. मधोमध खाच मारली की वरची जमीन नाचते.

ओलं प्लास्टर सुकवायला हीटिंग कमालीवर चढवू नका. वरचा थर झटकन सुकतो, आतला ओला राहतो, तडे जातात. खिडकी किलकिली, उष्णता मंद. गडद गुलाबी-तपकिरी रंग सगळीकडे सारखा फिकट गुलाबी झाला की रंगकाम. अंडरफ्लोअर (जमिनीखालच्या) हीटिंगवरच्या सिमेंट थराला तर सुकायला ४० मिमीपर्यंत दर मिमीला साधारण एक दिवस धरतात, त्यापुढे आणखी हळू.

परत बसवताना रेडिएटरमध्ये जाणाऱ्या अर्ध्या इंची टेलच्या (व्हॉल्व्हला जोडणाऱ्या छोट्या तुकड्याच्या) आट्यांवर नळजोडाच्या पांढऱ्या टेपचे १०-१२ वेढे द्या, आट्यांच्या तोंडाकडून पाहता घड्याळाच्या दिशेने. मोठ्या नटाच्या आट्यांवर टेप नको. तिथे पाणी धातूच्या दोन तोंडांमध्ये अडतं, आट्यांत नाही. मग लॉकशील्ड मास्किंग टेपवर लिहिलेल्या फेऱ्यांइतकं उघडा. सील्ड यंत्रणा असेल तर बॉयलरजवळच्या, पाणी भरायच्या वेणीदार नळीच्या दोन्ही तोट्या उघडून १.२ बारपर्यंत भरा, तोट्या बंद करा, खालच्या मजल्यापासून वर जात हवा काढा आणि पुन्हा भरा. काटा ३ बारकडे नेलात तर सुरक्षा व्हॉल्व्ह बाहेरच्या पाइपेतून पाणी टाकतो, आणि एकदा उडाला की पुष्कळदा ठिबकतच राहतो.

जेवढं पाणी बदललं त्या प्रमाणात गंजरोधक घाला. बाटली किती लिटरला पुरते ते लेबलवर असतं. एक-दोन रेडिएटर उतरवले असतील तर कदाचित अर्धीही पुरेल, यंत्रणा पूर्ण रिकामी केली असेल तर पूर्ण मात्रा.

आणि फळ्या ठोकण्याआधी एक रात्र थांबा. हवा काढून झाल्यावर संध्याकाळी, यंत्रणा थंड असताना, काट्याचा फोटो घ्या आणि सकाळी हीटिंग लावण्याआधी पुन्हा पाहा. १.३ चा ०.९ झाला असेल तर कोरडा टिश्यू घेऊन प्रत्येक जोडावरून फिरवा. हाताला ओल लागत नाही अशी गळतीही टिश्यूवर दिसते.