ईदगाहच्या दारात फितरा आठवणाऱ्यांनो, या चुका टाळा

ईदच्या नमाजची सफ (रांग) लागायला दहा मिनिटं उरलेली असतात आणि कुणीतरी खिसे चाचपत विचारतो, "यंदा फितरा किती आहे हो?" रोजे झाले, तरावीहची रात्रीची नमाज झाली, सत्ताविसावी रात्र जागून झाली, आणि हा प्रश्न आत्ता. फितरा म्हणजे रमजान संपताना घरातल्या प्रत्येकामागे गरिबाला द्यायचं ठरावीक धान्य किंवा त्याची किंमत. तो गोळा करायच्या कामाला दरवर्षी बसत असल्यामुळे हा चेहरा मला पाठ झाला आहे.

तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे उशीर. रमजानचे रोजे ज्या वर्षी फर्ज (बंधनकारक) झाले त्याच वर्षी, म्हणजे हिजरी सन २ मध्ये, फितराही लागू झाला. पैगंबरांचे साथी इब्ने उमर (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये आडपडदा नाही: एक साअ (धान्य मोजायचं जुनं माप) खजूर किंवा एक साअ जव, गुलाम असो की स्वतंत्र, बाई असो की पुरुष, लहान असो की मोठा, प्रत्येक मुसलमानामागे, आणि लोक नमाजला निघण्याआधी तो पोचला पाहिजे. इब्ने अब्बास (रजि.) यांनी त्यामागचं कारण सांगितलं आहे. रोजेदाराच्या तोंडून निघालेलं वायफळ, वाईट बोलणं धुऊन निघावं आणि गरिबाला जेवायला मिळावं. नमाजआधी दिला तर तो फितरा, नंतर दिला तर इतर सदक्यांसारखा एक सदका, म्हणजे साधं दान.

लोकांचा हिशेब मात्र असा की पेटीत टाकलं, सुटलो. पेटी म्हणजे गरीब नव्हे. सुन्नी मुसलमानांचे चार मजहब, म्हणजे धर्मशास्त्राची चार मतं: हनफी, शाफई, मालिकी, हंबली. आम्ही हनफी लोक कमिटीला देणाऱ्याचा वकील मानतो. वकिलाच्या हातून हकदाराच्या हातात पैसे किंवा धान्य पडेपर्यंत फितरा अदा झालेला नसतो, मग पेटीला कितीही मोठं कुलूप असो.

एका वर्षी मी दुसऱ्या एका मशिदीत मदतीला गेलो होतो. पेटी ठेवली चाँदरातीला, म्हणजे ईदच्या आदल्या रात्री. गरजूंची यादी? "करू की नंतर." ईदच्या सकाळी चपला हातात घेऊन लोकांनी पेटीत नोटा कोंबल्या. इमामसाहेब नमाजला उभे राहिले तेव्हा पेटी काठोकाठ भरलेली, आणि चावी ज्यांच्याकडे ते खजिनदार पहिल्या सफेत. नमाज झाली, खुतबा झाला, गळाभेटी झाल्या, खजिनदार घरी. पेटी उघडली दुपारनंतर, मोजणी रात्री, आणि मग बैठक: द्यायचं कुणाला? तिथे एका सभासदाने सुचवलं की वजूखान्याचे नळ गळतात, तेच बदलून घेऊ, म्हणजे सगळ्यांनाच सवाब. फितऱ्याचा मालक गरीब माणूस व्हायला हवा, नळ नव्हे, हे पटवून देण्यात आणखी एक बैठक गेली. पैसे हकदारांच्या हातात पडले तेव्हा शव्वालचा, म्हणजे ईदपासून सुरू होणाऱ्या महिन्याचा, दुसरा आठवडा चालू होता. ज्यांच्या घरात ईदला चूल पेटावी म्हणून हे सगळं करायचं, त्यांची ईद केव्हाच होऊन गेली होती.

गोळा करून ठेवणं मुळात चूक नाही. पैगंबरांच्या (स.) काळातही रमजानच्या जकातीचं, म्हणजे फितऱ्याचं, धान्य एकत्र ठेवलेलं असे आणि त्याच्या राखणीवर अबू हुरैरा (रजि.) यांना नेमलं होतं. पण गोळा करणाऱ्याने आधी यादी करावी, मग पेटी ठेवावी. यादी नसलेल्या पेटीत मी तरी एक नाणं टाकणार नाही.

माझी सवय सांगतो. घरचा फितरा मी पंचविसाव्या रोज्याच्या आत देऊन मोकळा होतो, तोही शक्यतो स्वतःच्या हाताने. हनफी आणि शाफई मताप्रमाणे रमजान लागल्यावर कधीही देता येतो. मालिकी आणि हंबली मात्र ईदच्या एक-दोन दिवस आधीचीच मुभा देतात, इब्ने उमर तसंच देत असत. ते पाळणाऱ्याने एकोणतिसाव्या रोज्याला चंद्र दिसेल की नाही यावर जुगार खेळू नये. आणि दुसऱ्या देशात पैसे पाठवणाऱ्यांनो, तिथली ईद तुमच्या एक दिवस आधी असू शकते. तुम्ही चाँदरातीला मोबाइलचं बटण दाबता तेव्हा तिथे ईदची नमाज होऊन गेलेली असते.

उशीर झालाच तर? माफ होत नाही. अंगावर राहतो. आठवेल त्या क्षणी द्या.

दुसरी चूक, जिच्यावरून माझे दरवर्षी वाद होतात: फॉरवर्ड होऊन आलेला आकडा डोळे मिटून देणं. साअ हे मापाचं भांडं आहे, चार मुद (दोन्ही हातांच्या ओंजळी) म्हणजे एक साअ, त्यामुळे किलोत बसवताना फरक पडतोच. हनफी हिशेबाने एक साअ सव्वातीन किलोच्या आसपास जातो, बाकीच्यांचा त्याहून लहान. हा वाद जुना आहे. हनफी मताचे इमाम अबू यूसुफ मदिनेला गेले तेव्हा लोकांनी घरोघरचे साअ आणून दाखवले. ते मोजून पाहिल्यावर त्यांनी आपलं मत बदललं. एवढा मोठा काझी भांडं हातात घेऊन मोजतो, आणि आपल्याला फोनवर आलेल्या चित्राची तारीखसुद्धा बघवत नाही. कित्येकदा ते गेल्या वर्षीचं असतं.

त्या आकड्यात आणखी एक मेख आहे. अबू सईद खुदरी (रजि.) सांगतात की आम्ही धान्य, जव, खजूर, मनुका, सुकवलेलं पनीर यांचा एक साअ देत असू, पुढे खलीफा मुआविया (रजि.) यांनी शामच्या (सीरियाच्या) गव्हाचा अर्धा साअ पुरेसा ठरवला. हनफी मतात गहू अर्धा साअ आहे, बाकी तिन्ही मतांत गहूसुद्धा पूर्ण साअ. म्हणजे शाफई माणसाने हनफी मशिदीचा गव्हाचा आकडा उचलला, तर त्याचा फितरा अपुराच राहिला. आधी आपला मजहब कोणता ते बघा, मग आकडा.

आणि गहूच का? लाखालाखाचा फोन वापरणारे लोक फितऱ्याला मात्र सगळ्यात स्वस्त धान्य शोधतात. फितरा अदा होतो, नाही म्हणत नाही. पण खजूर आणि मनुकाही त्याच हदीसमध्ये आहेत, आणि त्यांच्या हिशेबाने एका घराला मिळणारी रक्कम कितीतरी वाढते. ज्याला झेपतं त्याने तरी वरची पायरी चढावी. धान्य द्यायचं की रोख, हा वाद मी फाटकावर घालत नाही. हनफी मतात रोख चालते, खलीफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी माणशी अर्धा दिरहम घ्यायला लावला होता. बाकी तिन्ही मतं धान्यावर ठाम आहेत. धान्य द्याल ते मात्र स्वतः खाल असं द्या, डब्याच्या तळाचं नको.

आता भराभर. आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे रोजे सुटले तरी फितरा सुटत नाही. फिदया वेगळा, तो सुटलेल्या रोज्यांचा. मालमत्तेवरची वार्षिक जकात दिली म्हणून फितरा भागत नाही. हनफी मतात गरजेपलीकडे निसाबइतकी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीची मालमत्ता हवी, पण तिच्यावर वर्ष उलटण्याची अट नाही, आणि इथेच पुष्कळ जण स्वतःला सोडवून घेतात. इतर मतांत तर ईदच्या दिवसरात्रीच्या जेवणाहून जास्त असलं तरी पुरे.

घरातली डोकी नीट मोजा. चाँदरातीला मगरिबनंतर (सूर्यास्तानंतर) आणि पहाटेआधी जन्मलेल्या बाळाचा फितरा हनफी मतात द्यायचा, शाफई मतात नाही. बायकोचा फितरा हनफी मतात तिचा तिच्यावर, शाफई मतात नवऱ्यावर. नवरा देणार असेल तर तिला सांगून द्यावा. आपल्याच आईवडिलांना, मुलांना, नातवंडांना फितरा चालत नाही. गरजू भावाला किंवा लग्न होऊन गेलेल्या बहिणीला चालतो, आणि त्यांना तो फितरा आहे असं तोंडावर सांगायची काही गरज नाही.

मागच्या वर्षांचे राहिलेत असं वाटत असेल तर कागद घ्या, त्या त्या वर्षी घरात कोण कोण होतं ते लिहा आणि देऊन टाका. दर कोणत्या वर्षाचा धरायचा ते आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा, मात्र ईदच्या सकाळी नको. त्यांनाही नमाज पढायची असते.