घरगुती सीएनसी राउटरची इलेक्ट्रॉनिक्स निवडताना या चुका टाळा

माझा आठवडा बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेले दुरुस्त करण्यात जातो. रविवारी दांडिया बाजारातल्या घरी, जिन्याखालच्या खोलीत, हौशी मंडळी आपापल्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या, राउटरची पॅनेले पिशवीत घालून घेऊन येतात. पिशवी उघडली की बहुतेक वेळा तेच दृश्य दिसते. महागडा कंट्रोलर, रंगीत पडदा आणि वाय-फाय यांवर खर्च झालेला असतो. ड्रायव्हर (मोटरला पावलापावलाने फिरवणारे सर्किट), पॉवर सप्लाय आणि वायरी यांच्या बाबतीत मात्र 'चालशे' म्हणून वेळ मारून नेलेली असते. हा गुजराती शब्द आम्हा बडोदेकर मराठी माणसांच्या तोंडातही पक्का बसला आहे, आणि माझ्याकडे जमलेल्या जळक्या ड्रायव्हरांपैकी निम्मे तरी त्याच शब्दाचे बळी असावेत.

लाकूड कापणाऱ्या साध्या तीन अक्षांच्या यंत्राला अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि त्यावर चालणारे जीआरबीएल हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे, आणि उनोचा स्वस्त क्लोन घेतला तरी माझी हरकत नाही. उनोवर वाचलेले पैसे ड्रायव्हर, पॉवर सप्लाय आणि वायरी या तीन वस्तूंवर लावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मोठी मोटर आणि चिमुकला ड्रायव्हर

ही चूक मला सर्वांत जास्त वेळा दिसते, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. नेमा १७ आणि नेमा २३ हे आकडे मोटरच्या तोंडाच्या पट्टीचे माप सांगतात, म्हणजे १.७ इंच आणि २.३ इंच, ताकद किंवा करंट यांविषयी ते काहीही सांगत नाहीत. त्यामुळे लोक बाजारात १८.९ किलो-सेंटीमीटर टॉर्कची, २.८ अँपिअरची नेमा २३ मोटर पसंत करतात आणि ती उनोवर बसणाऱ्या सीएनसी शील्डमधल्या ए४९८८ या नखाएवढ्या ड्रायव्हरला जोडून मोकळे होतात. ए४९८८ च्या कागदावर २ अँपिअर लिहिलेले असते हे खरे आहे, पण हीटसिंक नसेल तर तो साधारण १ अँपिअरच्या पुढे टिकत नाही. डीआरव्ही८८२५ थोडा दमदार आहे. तोही हीटसिंकशिवाय दीड अँपिअरच्या आसपास थकतो.

कारेलीबागेतला एक मुलगा सागवानावर घराच्या नावाच्या पाट्या कोरायचा. त्याचे यंत्र देखणे होते, पट्ट्या सरळ होत्या आणि अक्ष पुढे सरकवणारा बॉलस्क्रूही चांगला होता. त्याची तक्रार अशी होती : "काका, मशीन रात्री बरोबर चालते, दुपारी अक्षरे सरकतात." माझ्याकडे येण्यापूर्वी त्याने कपलिंग बदलले होते, रेल दोनदा साफ करून वंगण घातले होते, ॲक्सिलरेशनचा आकडा निम्म्यावर आणला होता आणि शेवटी कंट्रोलरच खराब असल्याचे ठरवून दुसरा मागवला होता. त्याने आणलेली पाटी मी हातात घेतली. पहिली चार अक्षरे ओळीत होती, पाचवे दोन मिलिमीटर उजवीकडे गेले होते आणि तिथून पुढची सगळी अक्षरे तेवढ्याच अंतराने सरकून, पण आपापसांत नीट ओळीत, कोरली गेली होती. बिघाड यांत्रिक असता तर चूक थोडी थोडी पसरली असती. इथे एका विशिष्ट क्षणी मोटरने पावले गाळली होती आणि नंतर ती पुन्हा शहाण्यासारखी चालू लागली होती.

कारण 'रात्री आणि दुपारी' या दोन शब्दांतच होते. मे महिन्यात बडोद्याचे तापमान ४२ अंशांपर्यंत जाते, आणि त्याचे पॅनेल पत्र्याच्या शेडमध्ये एका बंद प्लॅस्टिकच्या डब्यात होते. मोटरची पूर्ण ताकद मिळावी म्हणून त्याने ड्रायव्हरवरचा छोटा स्क्रू शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता. चिप तापली की ती स्वतःला वाचवण्यासाठी काही क्षण बंद पडते आणि निवली की पुन्हा सुरू होते. मधल्या काळात जीआरबीएल पल्स (पाऊल टाकण्याचे संकेत) पाठवतच राहते, कारण मोटर खरोखर फिरली की नाही हे कळण्याचे त्याच्याकडे कोणतेही साधन नाही. मी डब्याचे झाकण काढून टेबलफॅन समोर ठेवला आणि तीच पाटी दुपारी दोन वाजता बिनचूक कोरली गेली. त्या मुलाला पंखा हाच उपाय वाटला आणि तो आनंदाने निघाला होता, त्याला मी बळेच थांबवले.

नेमा २३ साठी वेगळा, स्वतःच्या धातूच्या डब्यातला ड्रायव्हर घ्यावा. माझी पसंती डीएम५४२ जातीच्या ड्रायव्हरला असते. खिसा अगदीच हलका असेल तर टीबी६६०० या नावाने मिळणारा डबा घ्या, पण त्या नावावर भाबडा विश्वास ठेवू नका. त्यातल्या अनेक डब्यांत तोशिबाची त्या नावाची चिप नसते, टीबी६७एस१०९ ही दुसरीच असते. डब्यावर ३२ भागांच्या मायक्रोस्टेपची (मोटरच्या एका पावलाचे बारीक भाग करण्याची) सोय छापलेली दिसली की हे ओळखता येते, कारण मूळ टीबी६६०० सोळा भागांवरच थांबते. ती दुसरी चिप वाईट नाही, मात्र छापलेला ४ अँपिअरचा आकडा शिखराचा असल्याने मी तिला ३ अँपिअरच्या वर कधीही चालवत नाही. शील्ड फेकून देण्याची गरज नाही. उनोच्या २, ३, ४ या पिनांवर स्टेपचे आणि ५, ६, ७ वर दिशेचे संकेत मिळतात. तेच बाहेरच्या ड्रायव्हरकडे न्यावेत. एनेबलची (ड्रायव्हर चालू-बंद करणाऱ्या संकेताची) जोडणी मोकळी सोडली तरी हे ड्रायव्हर चालतात. फक्त काम थांबल्यावर स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या मोटरच्या) वजनाने वरखाली जाणारा झेड अक्ष खाली घसरू नये म्हणून मोटरांचा करंट चालूच राहील असे पाहावे. एनेबल जोडलेले असेल तर जीआरबीएलची $१ ही सेटिंग २५५ वर ठेवली की काम होते.

सीसीटीव्हीचा पॉवर सप्लाय

सीसीटीव्हीसाठीचा १२ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) प्रत्येक दुकानात मिळतो, म्हणून तोच घेतला जातो. स्टेपर मोटरच्या वेटोळ्यात करंट चढायला वेळ लागतो आणि वेग वाढला की तो वेळच उरत नाही, त्यामुळे कमी व्होल्टेजवर मोटर जागेवर घट्ट आणि पळताना लुळी होते. जुन्या कारागिरांचा एक हिशोब आहे : मोटरच्या इंडक्टन्सचा मिलिहेन्रीतला आकडा घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि त्याला ३२ ने गुणा, येईल ते व्होल्टेजची वरची मर्यादा समजा. अडीच मिलिहेन्रीच्या मोटरला ही मर्यादा सुमारे ५० व्होल्ट येते. मी घरगुती यंत्रांना सरसकट ३६ व्होल्ट देतो. टीबी६६०० ची मर्यादा ४२ व्होल्ट आहे आणि मोटर झटकन थांबताना वीज उलटी परत येते, त्यामुळे मधली सहा व्होल्टांची मोकळीक मला आवश्यक वाटते. 'जास्त वेग हवा' म्हणून त्याच डब्याला ४८ व्होल्ट देणाऱ्यांनी माझ्याकडे येऊच नये. करंटसाठी सगळ्या मोटरांची बेरीज करून तिचे दोन तृतीयांश धरावे : २.८ अँपिअरच्या चार मोटरांना साडेसात अँपिअर लागतात, म्हणजे १० अँपिअरचा सप्लाय पुरून उरतो.

मायक्रोस्टेपचा हव्यास

३२ भाग केले की कोरीवकाम बत्तीस पटींनी सुबक होईल असे वाटणे साहजिक आहे, पण ते खरे नाही. उनोवरचे जीआरबीएल सेकंदाला सुमारे ३० हजार पल्स देऊ शकते. पाच मिलिमीटर पुढे जाणाऱ्या बॉलस्क्रूवर आठ भाग ठेवले तर एका मिलिमीटरला ३२० पल्स लागतात आणि मिनिटाला साडेपाच मीटरपेक्षा जास्त वेगाला वाव राहतो. बत्तीस भाग ठेवले तर तोच आकडा १२८० होतो आणि यंत्र मिनिटाला १.४ मीटरवर अडकते. बत्तीस भागांनी मिळणाऱ्या बारकाव्याहून लाकूड स्वतःच पावसाळ्यात जास्त फुगते.

लिमिट स्विचच्या वायरी

ही चूक माझी स्वतःची आहे. सागवानी देव्हाऱ्याच्या दाराची जाळी मी कोरत होतो. तीन तासांचा प्रोग्राम होता. पावणेदोन तास झाल्यावर यंत्र थबकले आणि पडद्यावर 'अलार्म १' आला. त्याचा अर्थ यंत्र टोकाच्या स्विचला, म्हणजे लिमिट स्विचला, धडकले असा असतो, पण गॅन्ट्री (कटर वाहून नेणारी कमान) तर यंत्राच्या टेबलाच्या मधोमध उभी होती. पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबले. मी उनो बदलला, यूएसबी केबल बदलली, स्विच बदलले आणि असे तीन रविवार घालवले. मग एका संध्याकाळी घरातल्या कुणीतरी जिन्यातली जुनी चोकवाली ट्यूबलाइट लावली आणि त्याच क्षणी यंत्र थांबले. मी ट्यूबलाइट विझवून पुन्हा लावली, तेव्हा यंत्र पुन्हा थांबले. त्या बटणाशी मी पाच-सहा वेळा खेळलो असेन. इतका मनस्ताप आणि इतके समाधान एकाच वेळी मला क्वचितच मिळाले आहे.

झाले होते ते असे : माझे लिमिट स्विच एरवी उघडे आणि दाबल्यावर जुळणारे होते, त्यामुळे ती लांब वायर उनोच्या आतल्या २० ते ५० किलोओहमच्या अशक्त पुल-अपवर (पिनला वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणाऱ्या रोधावर) लोंबकळत होती. एवढ्या कच्च्या आधारावरची तीन मीटरची वायर म्हणजे अँटेनाच असते. त्यातच ती मी स्पिंडल म्हणून लावलेल्या ट्रिमरच्या २३० व्होल्टच्या केबलशेजारून, एकाच ड्रॅग चेनमधून (वायरी वाहणाऱ्या साखळीतून) नेली होती, आणि ट्रिमरच्या कार्बन ब्रशांच्या ठिणग्यांचा उपद्रव ट्यूबलाइटपेक्षा कमी नसतो.

या दुखण्यावर सगळीकडे सांगितला जाणारा झटपट उपाय म्हणजे $२१ शून्य करून हार्ड लिमिट, म्हणजे स्विच लागताच यंत्र थांबवण्याची सोय, बंद करणे. तो मला आवडत नाही, कारण त्याने यंत्राचे डोळे झाकले जातात आणि रोग तसाच राहतो. तीच वायर उद्या होमिंगच्या वेळी (यंत्र स्विचला टेकून आपली सुरुवातीची जागा शोधते तेव्हा) दगा देते. मी स्विच एरवी जुळलेले आणि दाबल्यावर उघडणारे असे जोडतो, लिमिटच्या पिनांचा अर्थ उलटा लावणारी $५ ही सेटिंग बदलतो आणि एका अक्षाच्या दोन्ही टोकांचे स्विच एकामागे एक घेतो. असे केले की वायर एरवी थेट ग्राउंडला घट्ट बांधलेली राहते आणि कुठे तुटली तर यंत्र आपण होऊन थांबते. उनोच्या पिनपाशी ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर लावतो. केबल जाळीवाली (बारीक तारांच्या विणीने वेढलेली) वापरतो आणि जाळी फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करतो, दुसऱ्या टोकाला मोकळी ठेवतो. स्पिंडलच्या केबलपासून तिला हातभर लांब ठेवतो, आणि दोन्हींनी एकमेकींना ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडतो. एवढे केल्यावर जाळीचे दुसरे दार एका बैठकीत पूर्ण झाले. पहिल्या दारावर यंत्र थांबलेल्या जागी कटरने जाळलेले काळे ठिपके अजून आहेत; आमच्या घरी त्यावर रोज फूल वाहिले जाते.

शील्ड वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुन्या शील्डवर झेडच्या लिमिटची छापील जागा आणि जीआरबीएलच्या नव्या आवृत्त्यांची पिन यांत अदलाबदल झालेली आहे : झेडची लिमिट आता १२ क्रमांकाच्या पिनवर असते आणि ११ स्पिंडलच्या वेगासाठी जाते. झेडचे होमिंग होत नसेल तर स्विचला दोष देण्यापूर्वी ही जागा तपासा.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

समांतर पोर्टचा (जुन्या प्रिंटरच्या जोडणीचा) निळा ब्रेकआउट बोर्ड स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. संगणकावरून यंत्र चालवणाऱ्या माक ३ या सॉफ्टवेअरचा समांतर पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही, आणि प्रिंटरसाठीचे यूएसबी कन्व्हर्टर त्या कामाला उपयोगी पडत नाही.

वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नका, ड्रायव्हर तत्काळ जातो. ज्यांना 'एकच सेकंद' थांबवत नाही त्यांच्यासाठी मी पॅनेलवर लाल पेनने लिहून देतो, तरीही ते काढतात.

वॉटरकूल्ड स्पिंडल घेतला असेल तर व्हीएफडीची (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या डब्याची) मूळ वारंवारता स्पिंडलच्या पट्टीप्रमाणे ४०० हर्ट्झ करून मगच बटण दाबा. ५० वर राहिली तर स्पिंडलची वेटोळी भाजतात.

उनोचे रिसेट बटण म्हणजे आपत्कालीन थांबा नव्हे. त्याने मोटरा थांबतात आणि ट्रिमर तसाच घोंगावत राहतो. लाल छत्रीचे बटण काँटॅक्टरला (विजेने चालणाऱ्या मोठ्या स्विचला) जोडून त्यातून ट्रिमर आणि एसएमपीएस दोन्हींची २३० व्होल्टची लाइन तोडावी.

जुन्या वाड्यांतल्या सॉकेटचे तिसरे भोक पुष्कळदा शोभेचे असते. मल्टीमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात २३० च्या आसपास, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्टांहून कमी आले तरच माझे समाधान होते. एसएमपीएसच्या धातूच्या अंगाला अर्थ नसेल तर मी यंत्र सुरूच करत नाही.

शेवटची गोष्ट एसएमपीएसच्या बाजूला असलेल्या छोट्या सरकत्या स्विचची. अनेक सप्लायांवर तो ११५ आणि २३० अशा दोन जागांचा असतो, आणि माल कधीकधी ११५ वर ठेवलेलाच येतो. तसाच लावला तर फटाक्यासारखा आवाज होऊन आतले कपॅसिटर फुटतात. मी दुकानाच्या काउंटरवरच टॉर्च लावून तो पाहतो, २३० वर सरकवतो आणि वर चिकटपट्टी लावूनच पैसे देतो.