जलरंगाची सवय मोडण्यासाठी एक प्रत

नाशिकमध्ये चित्रकला शिकणाऱ्या अनेकांचा हात रामकुंड आणि गोदाकाठचे घाट जलरंगात रंगवत तयार होतो. उजेडासाठी कागदाचा पांढरा राखून ठेवायचा आणि फिकटाकडून गडदाकडे जायचे, ही सवय त्या हातात मुरलेली असते. तैलरंगात व्यक्तिचित्र करताना नेमका हाच क्रम उलटा करावा लागतो, आणि त्यासाठी एखाद्या जुन्या चित्राची प्रत करण्याइतका चांगला सराव मला दुसरा माहीत नाही.

प्रतीसाठी मी फ्रेंच चित्रकार देलाक्रवाचे १८२४ सालचे ‘दफनभूमीतील अनाथ मुलगी’ सुचवतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातले हे चित्र सुमारे ६५ बाय ५४ सेंटिमीटरचे आहे. त्याच वर्षीच्या ‘किऑसची कत्तल’ या भव्य चित्राच्या तयारीशी ते जोडलेले असले, तरी स्वतंत्र चित्र म्हणूनही ते पूर्ण उतरले आहे. वर वळलेली नजर, किंचित उघडे ओठ आणि खांद्यावरून उतरलेले पांढरे वस्त्र एवढ्यातच सारी व्याकुळता आहे, त्यामुळे शिकणाऱ्याचे लक्ष फाटे फुटून भरकटत नाही. देलाक्रवा स्वतः त्याच्या आधीच्या काळातील चित्रकार रुबेन्सच्या चित्रांच्या प्रती करत असे, हेही येथे सांगावेसे वाटते.

चित्राची छापील प्रत मूळ आकारात काढून घ्यावी, म्हणजे ब्रशच्या फटकाऱ्याची रुंदी ताडता येते. कॅनव्हासवर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) हे रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने पुसट थर द्यावा. तो वाळल्यावर चौकटी आखून रेखाटन उतरवावे आणि केवळ अंबरने सगळी छाया भरावी. या टप्प्यावर पांढरा रंग पॅलेटवर काढूच नये. डोळे बारीक करून पाहिले असता चेहरा ओळखू येत नसेल, तर वर कितीही रंग चढवला तरी तो सुधारत नाही.

पुढच्या थरांत जवसाच्या तेलाचे प्रमाण थोडे थोडे वाढवत न्यावे. खालचा थर वरच्यापेक्षा तेलकट राहिला, तर कालांतराने रंगाला तडे जातात. छाया पातळ आणि पारदर्शक ठेवावी, उजेड मात्र जाड रंगात, शेवटी आणि मोजकाच द्यावा. देलाक्रवाच्या काळी शिशाचा पांढरा वापरत. आपल्याकडचा टिटॅनियम व्हाइट त्याहून थंड आणि जोरकस असल्याने त्यात ऑकरचा कण मिसळल्याशिवाय तो त्वचेवर लावू नये.

माझी पहिली प्रत डोळ्यांनीच बिघडवली. बुबुळाभोवतीचा भाग मी सरळ पांढरा रंगवला आणि मुलीची नजर देवळातल्या मूर्तीच्या बसवलेल्या डोळ्यांसारखी ताठ झाली. पुन्हा निरखून पाहिले, तेव्हा तो भाग राखाडी आणि वरच्या पापणीच्या सावलीत बुडालेला आहे, हे लक्षात आले. खालच्या पापणीच्या कडेला लहानशी ओलसर चमक तेवढी खऱ्या अर्थाने उजळ होती. ती लहान ब्रशने एकदाच टेकवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये.

अंबर लवकर वाळतो, टिटॅनियम व्हाइट मात्र सावकाश, आणि नाशिकच्या पावसाळ्यात व डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणखी वेळ लागतो. म्हणून पुढचा थर दिवस मोजून न देता बोटाने चाचपून द्यावा. काम उत्तरेकडच्या खिडकीजवळ करावे, म्हणजे उजेड दिवसभर फारसा बदलत नाही.

एका बाबतीत हयगय नको. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून ठेवली की ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, उन्हाळ्यात तर अधिकच. ती पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.

वार्निशसाठी किमान सहा महिने थांबावे. मूळ स्वाक्षरी उतरवू नये. कॅनव्हासच्या मागे ‘देलाक्रवाच्या चित्रावरून प्रत’ असे लिहून आपले नाव आणि तारीख घालावी.