भूकंपाबद्दल बोलताना या चुका टाळा: फॉल्टचा आकार आणि घर्षण

निपाणी, खानापूरकडं जरा हादरा जाणवला की ग्रुपवर मेसेज फिरतो, "बारीक धक्के आले ते बरं झालं, प्रेशर निघून गेलं." हा समज आधी सोडा. मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंप किती मोठा ते सांगणारा आकडा, एकानं वाढला की एनर्जी साधारण 32 पट होते, म्हणजे 6 च्या एका भूकंपाएवढी एनर्जी बाहेर पडायला 4 चे हजारभर धक्के लागतील. कोयनेत धरण भरायला लागल्यापासून बारीक धक्के चालूच होते की, तरी डिसेंबर 1967 ला 6.3 चा भूकंप झालाच.

दुसरी चूक जरा नीट समजून घ्या. घर्षण जास्त म्हणजे भूकंप मोठा, असं सरळ नसतंय. चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली ट्रॅक्टरनं ओढताना साखळी ताणत जाते, ट्रॉली हलत नाही आणि मग एकदम झटक्यात सुटते, तसंच फॉल्टवर, म्हणजे जमिनीखालच्या मोठ्या भेगेवर, दोन्हीकडच्या खडकांचं होतं. पण खरा प्रश्न पुढचा आहे, सरकायला लागल्यावर घर्षण कमी होतं की वाढतं? कमी झालं तर भूकंप, वाढलं तर फॉल्ट हळूहळू गपचूप सरकत राहतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन अँड्रियास फॉल्टचा मधला भाग असाच सरकतोय, तिथल्या खडकात निसरडी चिकणमाती सापडलीय.

आणि फक्त घर्षणावर सगळं टाकू नका, आकार पण बघा. नकाशावर फॉल्ट एक सरळ रेघ दिसते, जमिनीखाली तो वाकलेला, तुटलेला, फाटे फुटलेला असतोय. 2024 मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीच्या टीमनं कॅलिफोर्नियाचे फॉल्ट तपासले, तर जिथं फॉल्ट एका दिशेत नीट लागलेले तिथं संथ सरकणं जास्त आणि जिथं वेडेवाकडे अडकलेले तिथं अचानक सुटणारे भूकंप, असं चित्र दिसलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण इतकी वर्षं सगळा भर घर्षणावरच होता. मग फॉल्टला वाकण आलं की भूकंपातलं खडकाचं फाटणं तिथं थांबतं का? कधी थांबतं, पण 2016 ला न्यूझीलंडच्या कायकोरात ते डझनभराहून जास्त फॉल्टवर पसरत गेलं, त्यामुळं एका फॉल्टची लांबी मोजून "इथं एवढाच होणार" असं छातीठोक सांगू नका.

हिडकल धरण भरलं की भूकंप होणार, हे पण तसंच. भेगांतल्या पाण्याचं प्रेशर वाढलं की खडकांची एकमेकांवरची पकड ढिली होते हे खरं, पण फॉल्ट आधीच तुटायच्या बेतात असेल तरच, सगळ्या धरणांजवळ कोयना होत नाही.

आणि "आपल्याकडं फॉल्टच नाही" हे तर अजिबात म्हणू नका. किल्लारी तेव्हाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होतं, 30 सप्टेंबर 1993 ला 6.2 च्या भूकंपात जवळपास 10 हजार माणसं गेली, बरीचशी दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड छप्पर अंगावर पडून. बेळगाव 2002 च्या नकाशात झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. तुमचं घर तसल्या बांधणीचं असेल तर भिंतींचे कोपरे एकमेकांत बांधलेत का आणि छपरावर मातीचा थर किती चढलाय, हे एकदा चांगल्या इंजिनिअरला बोलवून दाखवा.