मान धरलीय की नस दबलीय? आधी एवढं तपासा

सकाळी दात घासताना लक्षात येतं, मान उजवीकडे वळतच नाही. मागून कुणी हाक मारली की अख्खं अंग फिरवावं लागतं. घरात निदान तयार असतं: 'उशी चुकली.' कधी ते खरंही असतं, पण औषध शोधण्याआधी पाच मिनिटं स्वतःची तपासणी करा.

१. दुखणारी जागा एका बोटाने दाखवा. मान आणि खांद्याच्या मधे, पिशवीचा पट्टा बसतो तिथे गाठीसारखं कडक लागतंय आणि दाबल्यावर दुखतंय? मग बहुधा स्नायू आखडलाय. सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच.

२. आता हाताकडे या. मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या मधून निघालेल्या नसा हातात उतरतात. कळ खांद्यावरून खाली जात असेल, तर मुंग्या कुठल्या बोटाला येतात ते बघा. अंगठ्याकडे येत असतील तर साधारण पाचव्या-सहाव्या मणक्यामधली नस, मधल्या बोटात असतील तर सहाव्या-सातव्यामधली. करंगळी मात्र फसवते, कारण कोपरात नस दबली तरी ती बधिर होते. हात उचलून डोक्यावर ठेवल्यावर बरं वाटत असेल, तर संशय मानेतल्या नसेवरच. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

३. कालचा दिवस आठवा. डोकं साधारण पाच किलोचं. मोबाइलवर किंवा शिलाई मशीनवर ते तासन् तास पुढे झुकवलं, की तो भार मानेमागचे स्नायू पेलतात. फोन खांद्यात दाबून पोळ्या लाटणं हेही त्यातलंच.

एक्स-रेची घाई नको. पन्नाशीनंतर मणक्यांची झीज काहीही दुखत नसलेल्यांच्या फोटोतही दिसते. 'स्पॉन्डिलायटिस निघाला' म्हणून धसका घेण्यात अर्थ नाही.

४. पुढचं काही असेल तर मात्र थांबू नका. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात, चालताना चप्पल पायातून निसटते, लघवीवर ताबा राहत नाही: याचा अर्थ मज्जारज्जूवरच दाब येत असू शकतो. ताप, जोराची डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकत नाही, पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखतेय, किंवा मानेसोबत छातीत दाब आणि दरदरून घाम आलाय, तर थेट दवाखाना गाठा.

५. यातलं काही नसेल तर गरम पाण्याच्या पिशवीने शेका आणि सोसेल तेवढी मान हळूहळू हलवत राहा. मानेला पट्टा मनाने बांधू नका; फार दिवस वापरला तर स्नायूच कमजोर होतात. एक-दोन आठवड्यांत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि दाढी झाल्यावर सलूनमध्ये मान कडाकडा मोडून घेण्याची हौस असेल, तर ती सोडा. क्वचित का होईना, त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटते आणि पक्षाघात होतो.