टाकून दिलेल्या सशाला नवं घर शोधताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगमधल्या एका मिक्सरच्या खोक्यात पांढरा ससा सापडला. सोबत वाळलेल्या पोळीचा तुकडा आणि अर्धं गाजर. वॉचमनकाका म्हणाले, "ताई, तळजाईच्या टेकडीवर सोडून येऊ का? तिथे गवत आहे, झाडी आहे." काकांच्या मनात दयाच होती. पण सगळ्यात जीवघेणी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल.

टेकडीवर कधीतरी दिसतो तो रानससा. त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात, रंग मातीत मिसळून जातो. आपला पाळीव ससा युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या वेगळ्या प्रजातीपासून आलेला. पिंजऱ्यात जन्मलेल्या त्या पांढऱ्या जिवाला टेकडीवर ना बीळ, ना लपायला रंग. कुत्री, मुंगूस, घारी यांच्यात त्याने रात्र काढायची कशी? शिवाय पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या खेपेचा दंड अवघा १० ते ५० रुपये, त्यामुळे कुणाला धाक वाटत नाही, हे फार खुपतं.

दुसरी चूक घाईची. सापडला त्याच संध्याकाळी फोटो टाकायचा आणि पहिला फोन येईल त्याला देऊन मोकळं व्हायचं. ससा आजार लपवतो. आपल्याला तो शांत, गरीब दिसतो, आणि आतून त्याचं पोट बंद पडलेलं असतं. निदान दोन आठवडे त्याला स्वतःजवळ ठेवा आणि रोज दोनच गोष्टी बघा: खातो किती, आणि लेंड्या कशा आहेत. गोल, मोठ्या, कोरड्या, चुरली तर आत गवताचा भुगा दिसेल अशा लेंड्या असतील तर उत्तम. बारीक, वेड्यावाकड्या किंवा केसाने माळेसारख्या जोडलेल्या असतील तर लक्ष द्या. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही तर उद्याची वाट बघू नका, लगेच डॉक्टर गाठा.

खाण्याबाबत गाजराचं खूळ आधी डोक्यातून काढा. गाजर गोड असतं, सशासाठी ती मिठाई. पोळी, पाव, बिस्किट बंदच. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चावून, म्हणून दिवसभर पुढ्यात गवत हवंच. पाकिटातलं सुकं टिमोथी गवत चांगलं. मंडईतली हरळी-दूर्वा नीट धुऊन, निथळून द्यायला हरकत नाही. आमच्या सशाने पहिल्या दिवशी कशालाच तोंड लावलं नाही. रात्री अकराला दूर्वांची जुडी नाकाशी धरली, तेव्हा एक काडी टोकाला पकडून सरसर आत ओढली. मग दुसरी. मी तशीच फरशीवर बसून राहिले.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि सशाला तिशीसुद्धा जड जाते. त्याला घाम येत नाही, कानांतून उष्णता बाहेर पडते. म्हणून बाल्कनीत पिंजरा नको. बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कान ओल्या हाताने पुसा. अंघोळ मात्र कधीच घालू नका.

आता माझ्याच हातून झालेली चूक. काही वर्षांपूर्वी "नर आहे" या कुणाच्या तरी शब्दावर विसंबून मी एक ससा सिंहगड रोडच्या एका घरी दिला. त्यांच्याकडे आधीचा नर होता. महिन्याभरात सात पिल्लं झाली. सशिणीचा गाभणकाळ ३१ दिवसांच्या आसपास असतो आणि व्याल्यावर लगेच ती पुन्हा गाभण राहू शकते. लहान सशांचं नर-मादी ओळखताना दुकानदारही चुकतात. डॉक्टरांकडून खात्री करून घ्या आणि शक्य असेल तर नसबंदी करूनच द्या. नराची नसबंदी झाली तरी चार-सहा आठवडे त्याला मादीपासून लांब ठेवावं लागतं.

डॉक्टर निवडताना सरळ विचारा, "ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवायचं का?" सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे त्याला कुत्र्या-मांजरासारखं उपाशी ठेवत नाहीत. "हो" असं उत्तर आलं तर दुसरे डॉक्टर बघा. गोचिडांचा फिप्रोनिलवाला स्प्रे कुणी सुचवला तरी मारू नका, सशाला तो विषारी आहे.

जाहिरातीत "गोंडस ससा, फुकट" असं लिहू नका. फुकट म्हटलं की मुलाच्या वाढदिवसाला खेळणं हवं असणारे येतात, आणि कापायला नेणारेही. थोडी रक्कम ठेवा, जमल्यास नसबंदीच्या खर्चाइतकी. आम्ही लिहिलं होतं: "पांढरा नर, साधारण वर्षाचा, नसबंदी झालेली. उचललेलं आवडत नाही, शेजारी येऊन बसतो. चार्जरच्या वायरी कुरतडतो." वायरींचं वाचून बरेच जण गळाले. बरंच झालं.

उरलेल्यांना विचारा: घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का, गावाला गेलात तर कोण बघेल, आठ-दहा वर्षं सांभाळायची तयारी आहे का. पुण्यात शिकायला आलेली मुलं मनापासून माया करतात, पण परीक्षा संपली की खोली सोडतात. त्यांना नाही म्हणताना मला वाईट वाटतं, तरी नाहीच म्हणते. आणि देण्याआधी एकदा त्यांच्या घरी जाऊन या. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल तर पायांना जखमा होतात, तिथे चटई टाकायला सांगा.

नेताना ससा पिशवीत घालून दुचाकीवर नको. भोकं पाडलेला खोका, खाली घट्ट बसवलेलं जाड फडकं, आणि सकाळी सातच्या आत निघायचं. सोबत आठवड्याचं ओळखीचं गवत द्या. "जमलं नाही तर मलाच परत द्या" हे लिहूनच घ्या, नाहीतर तो पुन्हा कुठल्यातरी पार्किंगमध्ये सापडेल.

आमचा ससा बाणेरला एका आजी-आजोबांकडे गेला. आठव्या दिवशी मी फोन करून लेंड्यांचा फोटो मागितला. आजींनी वर्तमानपत्रावर मांडून पाठवला. सगळ्या गोल, मोठ्या, कोरड्या.